विषय कोणते घ्यावेत?

बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालयांचे प्रवेश संपेपर्यंतच्या काही आठवड्यांत धर्मगुरूकडे येणाऱ्या माणसांचे प्रश्न बदलतात. एरवी घरातील आजारपण, भाऊबंदकी, लग्नाची तारीख. या दिवसांत मात्र आईबाप माहितीपत्रकांची पुडकी घेऊन येतात. मुलाला किंवा मुलीला जीवशास्त्राची आवड आहे, वैद्यकीय प्रवेशाचे गुण थोडक्यात हुकले आहेत, बी. एस्सी.ला नाव घालायचे ठरले आहे. तर विषय कोणते घ्यावेत? हा प्रश्न धर्मगुरूला विचारण्याजोगा आहे काय, अशी शंका कोणी घेईल. महाविद्यालयात प्राध्यापक आहेत, शहरात मार्गदर्शन करणारे वर्ग आहेत. मला असे वाटते की या प्रश्नाचा एक भाग प्राध्यापकांचा आहे आणि दुसरा सदसद्विवेकबुद्धीचा आहे. पहिल्या भागावर पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्याचा उच्चारही होत नाही.

आमच्या पिढीला हा पेच फारसा ठाऊक नव्हता. विज्ञान शाखेला जाणारा विद्यार्थी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र असा ठरलेला गट घेई आणि तीन वर्षांनी पदवीधर होऊन बाहेर पडे. सेमिनरीत तर निवडीचा प्रश्नच नव्हता. आधी तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान. काय शिकायचे ते ख्रिस्तसभेने शतकांपूर्वी ठरवून ठेवलेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे चित्र पालटले. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. आता एक मुख्य विषय, त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, आपल्या शाखेबाहेरचा एक खुला विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रीय प्रकल्प, समाजात जाऊन करावयाचे काम असे सारे श्रेयांकांच्या हिशेबाने जुळवावे लागते. वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक. एका वर्षाने थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केल्यास विशेष पदवी. कागदावर ही मुभा मोठी दिसते. प्रत्यक्षात तालुक्याच्या महाविद्यालयात जे शिकवायला माणूस आहे तेवढेच निवडता येते, हे ज्यांना पोरे आहेत त्यांना सांगायला नको. तरीही थोडी का होईना, निवड आली. आणि जिथे निवड आली तिथे नीतीचा प्रश्न आलाच.

आज बहुतेक घरांत ही निवड दोन कसोट्यांवर होते. कोणत्या विषयात गुण सोपे, आणि कोणत्या विषयातून नोकरी लवकर. तिसरीही एक कसोटी आहे, ती उघड बोलली जात नाही: कोणते विषय घेतले म्हणजे पुढच्या वर्षीच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला वेळ उरेल. अशा घरात बी. एस्सी. ही पदवी नसून स्थानकावरचे प्रतीक्षालय असते. मुलगा तिथे बसलेला असतो, पण त्याचे लक्ष फलाटाकडे. या कसोट्यांना मी क्षुद्र म्हणणार नाही. कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाला नोकरीचा विचार करू नको म्हणून सांगणे हा धर्मोपदेश नव्हे, निष्ठुरपणा आहे. माझा मुद्दा एवढाच की या कसोट्या पुरत नाहीत.

संत थॉमस अक्वायनस यांनी ज्ञानाच्या ओढीचा विचार कोठे केला आहे हे पाहिले तर नवल वाटते. बुद्धीच्या प्रकरणात तो सापडत नाही. अभ्यासूपणाला त्यांनी संयमाच्या सद्‌गुणाखाली ठेवले आहे, जिथे खाण्यापिण्याच्या वासनेचा विचार आहे त्याच्या शेजारी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मनाला जाणून घेण्याची भूक असते व शरीराला कष्ट टाळण्याची. म्हणून अभ्यासू माणसाने एका बाजूला भुकेला लगाम घालायचा आणि दुसऱ्या बाजूला आळसाला टोचणी लावायची. आणि ज्ञानाची भूक कधी बिघडते याची कारणे देताना त्यांनी एक कारण असे दिले आहे की, जे शिकणे आपले कर्तव्य आहे ते सोडून माणूस कमी उपयोगाच्या अभ्यासात रमतो तेव्हा. (त्यासाठी दिलेले उदाहरण आम्हा धर्मगुरूंचेच आहे, शुभवर्तमान बाजूला ठेवून नाटके वाचणाऱ्यांचे.) म्हणजे या थोर आचार्याच्या मते अभ्यासाच्या बाबतीतही कर्तव्य असू शकते. अठरा वर्षांच्या मुलीचे जीवशास्त्रातले कर्तव्य कोणते?

याचे उत्तर हवेत शोधता येत नाही. ती मुलगी कुठे राहते ते पाहावे लागते. मी ऊर्जानगरचे उदाहरण घेतो.

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यावरही त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे, महानिर्मितीच्या केंद्रांत सर्वांत मोठी. कोळसा शेजारच्या खाणींतला, पाणी इरई धरणाचे. इथे महाराष्ट्राच्या सर्व कोपऱ्यांतून आणि केरळ-आंध्रातून माणसे नोकरीला आली, आणि त्यांत आपली काही कुटुंबेही आली. क्वार्टरच्या अंगणात जन्मलेली मुले आता महाविद्यालयात आहेत. वसाहतीपासून ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाकडे रस्ता जातो. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ साली मिळाला, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले व १९९५ च्या सुमारास दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ मात्र नकाशावरची रेघ पाळत नाही. २०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लगेच दुर्गापुरात बिबट्याने एका किशोरवयीन मुलाला नेले. त्या दिवसांत या वसाहतीतील आयांनी मुलांना संध्याकाळी दाराबाहेर पाठवले नाही.

आता विचार करा. प्राणिशास्त्र हा विषय या मुलांच्या दारात येऊन उभा आहे. वाघ वसाहतीत का येतो? मोकळ्या पडलेल्या जागेत झुडपे माजली, झुडपांत रानडुकरे आली, उकिरड्यावर मोकाट कुत्री जमली. भक्ष्य आले तिथे भक्षक आला. हे परिस्थितिकीचे पहिले प्रकरण आहे. तेच प्रकरण पुस्तकात आफ्रिकेतल्या सिंहाच्या व झेब्र्याच्या चित्रावर शिकवले जाते, आणि मुलगी ते पाठ करून परीक्षेत लिहिते, आणि घरी आल्यावर वाघाबद्दल शेजारी जे बोलतात त्यावर विश्वास ठेवते. मारून टाका म्हणणारे एका बाजूला, वाघाच्या फोटोला हार घालणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ज्या घरातला माणूस गेला ते घर. या तिघांशी बोलू शकेल असे शिकलेले माणूस या वसाहतीतून निघाले नाही तर कुठून निघणार?

तसेच कोळशाचे. चंद्रपूरचा कोळसा ज्या खडकांच्या थरांत सापडतो त्यांना भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात 'गोंडवन' हे नाव दिले, आणि पुढे त्याच नावाने एका प्राचीन महाखंडाला जग ओळखू लागले. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका एकत्र होते तेव्हाचा तो भूभाग. त्या काळच्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वनस्पतींची अरण्ये वाढली आणि पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी गाडली गेली. चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळते ते त्या अरण्यांचे अवशेष. शाळेच्या वहीत ग्लॉसॉप्टेरिसचे पान काढणाऱ्या मुलीचे वडील त्याच पानाची राख हाताळतात, पण हा संबंध तिला कोणी सांगत नाही. दक्षिणेला सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे. आणि त्या राखेचा, त्या धुराचा हिशेबही इथलाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथे आले होते. असे गुण मिळवून कोणी पेढे वाटत नाही.

तिसरी गोष्ट रक्ताची. विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच कडी बदलते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे दुखतात, मुले पांढरी पडतात. आई व वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. पण एकाच बाजूने दोष आला असेल तर तोच दोष हिवतापाच्या घातक प्रकारापासून थोडे संरक्षण देतो. म्हणूनच हिवतापाच्या रानांत तो टिकून राहिला. गडचिरोलीत हिवताप अजून ठाण मांडून आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रक्त तपासणे सोपे आहे. तपासणीचा कागद हातात घेऊन लग्न ठरलेल्या मुलामुलींच्या समोर बसणे अवघड आहे. 'वाहक' म्हणजे 'रोगी' नव्हे, हे त्यांच्या भाषेत, कोणाची मान खाली जाणार नाही अशा शब्दांत सांगणे हे आनुवंशशास्त्राचे काम आहे की सेवाकार्याचे, मला ठरवता येत नाही.

आनुवंशशास्त्र म्हटले की आपल्या घरातल्या एका माणसाची आठवण होते. ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील अगुस्तीन संघाच्या मठातले व्रतस्थ धर्मगुरू. त्यांची वाटाण्याची रोपे सर्वांना माहीत आहेत. त्यांचा अभ्यासक्रम कोणाला माहीत नाही. १८५० साली ते शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले. त्यांचे मठाधिपती सिरिल नाप यांनी त्यांना घरी बसवले नाही, व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. १८५१ ते १८५३ या काळात मेंडेल यांनी तिथे काय काय घेतले? डॉप्लर यांच्याकडे पदार्थविज्ञान, एटिंग्सहाउझेन यांच्याकडे गणितातील संयोगांचा विचार, उंगर यांच्याकडे वनस्पतींचे शरीरशास्त्र. वनस्पतींच्या अभ्यासकाने पदार्थविज्ञान व गणित घ्यावे हे त्या काळी विक्षिप्तपणाचे वाटले असेल. परंतु १८५६ ते १८६३ या वर्षांत मठाच्या बागेत त्यांनी हजारो रोपे वाढवून जे केले ते दुसऱ्या कोणाही वनस्पतितज्ज्ञाच्या हातून झाले नव्हते: त्यांनी मोजले. गुळगुळीत दाणे किती, सुरकुतलेले किती, आणि तीनास एक हे प्रमाण का पडते. १८६६ साली निबंध छापला गेला, जगाने तो बाजूला ठेवला, १८८४ साली मेंडेल वारले आणि १९०० साली तीन वेगवेगळ्या संशोधकांनी त्याचे महत्त्व ओळखले. वर सांगितलेले 'चारात एक' हे गणित त्या मठाच्या बागेतले आहे.

मेंडेल यांच्या गोष्टीतून मी असा निष्कर्ष काढतो की विषय निवडताना ज्याची भीती वाटते असा एक विषय घ्यावा. जीवशास्त्राकडे वळणारी पुष्कळ मुले गणितापासून पळून आलेली असतात. तीच आता वाघांची गणना, रुग्णांचे प्रमाण, हवेतील कणांचे मोजमाप करणार. न मोजता केलेली कळकळ गावाच्या फारशी कामाची नसते.

येथपर्यंत लिहिलेले सर्व मी एका संध्याकाळी ऊर्जानगरातल्या एका कुटुंबाला सांगत होतो. मूळचे नगर जिल्ह्यातले, वडील वीज केंद्रात ऑपरेटर, मुलगी प्राणिशास्त्राला जायचे म्हणणारी. वडिलांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "फादर, तुमचं सगळं पटतं. पण वाघ मोजून पोट भरत नाही. माझ्या रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत. क्वार्टर सोडावं लागेल. तिला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊ द्या, पुण्याला औषधाच्या कंपनीत लागेल." मुलगी काही बोलली नाही. आईने चहा आणला.

हा आक्षेप भावनेने उडवून लावता येत नाही. त्यात एक न्यायाचा मुद्दा दडलेला आहे, आणि तो मला त्या भल्या माणसाने मांडला त्याहूनही तीव्र वाटतो. चंद्रपुरात तयार होणारी वीज मुंबई-पुण्याला जाते, राख इथे राहते. मुंबईच्या मुलीने जैवतंत्रज्ञान घेतले तर तिला कोणी विचारत नाही की, बाई गं, तुझ्या गावाचे काय? ती परदेशी गेली तर आपण तिचा सत्कार करतो. आणि ऊर्जानगरच्या, गडचिरोलीच्या मुलीने मात्र आपल्या मातीचे ऋण फेडायचे! ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांच्याकडूनच त्याग मागायचा ही रीत जुनी आहे, आणि सांगायला खेद वाटतो की आपल्या प्रवचनांतूनही ती पुष्कळदा ऐकू येते. दुसऱ्याच्या लेकराच्या वतीने त्याग जाहीर करण्याचा अधिकार मला नाही. पाचारण ही गोष्ट परमेश्वर व ती व्यक्ती यांच्यातली. आईबाप, धर्मगुरू, प्राध्यापक यांनी दारात उभे राहून ते आत ढकलायचे नसते.

तरीही त्या वडिलांचे उत्तर मला पूर्ण वाटत नाही. गावाची गरज ही आज्ञा होऊ शकत नाही, परंतु ती ऐकली जाण्याचा तिला हक्क आहे. ज्या मुलीला सिकलसेल म्हणजे काय, इरईच्या पाण्यात काय मिसळते, वाघ वसाहतीत का येतो हे कधी शिकवलेच गेले नाही, तिने पुण्याची वाट धरली तर ती निवड नव्हे. तिच्यापुढे एकच वाट होती. माहीत असून नाही म्हणणे आणि माहीतच नसणे यांत नीतीच्या दृष्टीने फार अंतर आहे.

या संदर्भात गडचिरोलीचे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची आठवण येणे साहजिक आहे. अभय बंग व त्यांचे थोरले बंधू अशोक हे वर्ध्याला वाढले. शाळकरी वयातच दोघा भावांनी खेड्याच्या दुःखांची वाटणी करून घेतली: एकाने शेती सुधारायची, एकाने आरोग्य. दोघे त्याप्रमाणे शिकले. विषयनिवडीची इतकी साधी पद्धत मी दुसरीकडे ऐकली नाही. पुढे बंग पतिपत्नी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले व १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. खेड्यातल्या बायांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले; श्वास मोजायला, ऊब द्यायला, जंतुदोष ओळखायला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. राणीताईंनी झाडे व आदिवासी स्त्रिया यांच्या नात्यावर 'गोईण' हे पुस्तक लिहिले; एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरने वनस्पतींवर लिहिलेले ते पुस्तक आहे, हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. मात्र हे उदाहरण मी जपून देतो. ते दोघे आपल्या मनाने, उच्च शिक्षण घेतल्यावर, परतीचे दोर हातात असताना आले. तो त्याग होता कारण तो कोणी लादलेला नव्हता. आणि अभ्यास कमी करून ते आले नाहीत. गावासाठी म्हणून त्यांनी सर्वांत कठीण ते शिकून घेतले. 'गावात काम करायचे आहे, मग थोडे शिकले तरी चालेल' ही समजूत गावाचा अपमान आहे.

आता अशा एका विषयाकडे वळतो ज्याबद्दल आपल्या घरांत कुजबूज असते. उत्क्रांती. श्रद्धावंत आईवडिलांना वाटते, हा अभ्यासक्रम मुलाच्या विश्वासाला सुरुंग लावील. मी निःशंकपणे सांगतो की उत्क्रांतीचा अभ्यासक्रम टाळून जीवशास्त्राची पदवी घेणे म्हणजे आरंभ व शेवट फाडून टाकलेली कादंबरी वाचणे. पोप पायस बारावे यांनी १९५० साली या विषयाच्या संशोधनाला दार मोकळे ठेवले. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोपपीठाच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात, उत्क्रांतीचा सिद्धान्त आता नुसत्या तर्काच्या पलीकडे गेला आहे, असे मान्य केले. मानवी आत्मा हा मात्र परमेश्वराची थेट निर्मिती आहे ही शिकवण त्यांनी कायम ठेवली. ज्या दलदलीतल्या पानांवर आपला दिवा जळतो ती तीस कोटी वर्षांपूर्वी वाढत होती हे मान्य केल्याने निर्माणकर्ता लहान होत नाही. आपली घाई तेवढी लहान दिसते.

२०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला. अभ्यासाचा भार कमी करणे हे कारण देण्यात आले. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने व २०१४ मध्ये पूर्णपणे पदवी-वर्गांतील प्राण्यांचे विच्छेदन थांबवले. पूर्वी प्रत्येक वर्गात बेडकांची परडी येई; हजारो जीव केवळ प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी जात. ते बंद झाले याचे मला समाधान आहे, जरी जुने प्राध्यापक अजून हळहळतात. दोन्ही ठिकाणी अभ्यासक्रमातून काहीतरी काढले गेले. एका ठिकाणी मुक्या जीवाची वेदना वाचली. दुसऱ्या ठिकाणी, पुढे विज्ञान न घेणाऱ्या मुलाला जीवसृष्टीचा इतिहास समजून घेण्याची शेवटची संधी गेली. वगळणे हीसुद्धा निवड आहे आणि तिचाही जाब द्यावा लागतो.

हातात चिमटा न घेता प्राणी शिकायचे तर मग बाहेर पडावे लागते. आपल्या परंपरेत बाहेर पडणाऱ्यांची उणीव नाही. संत अल्बर्ट महान, ज्यांना पोप पायस बारावे यांनी १९४१ साली निसर्गविज्ञानाच्या अभ्यासकांचे आश्रयदाते घोषित केले, ते आपल्या संघाच्या कामासाठी पायी युरोपभर हिंडत आणि वाटेवरची झाडे-पाखरे टिपून ठेवत. आपल्या महाराष्ट्रात येशूसंघीय फादर सांतापाव मुंबईच्या संत झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांनी खंडाळ्याच्या डोंगरांतील वनस्पतींची जी सूची केली ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या आधी त्याच महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांनी सुरू केलेला वनस्पतिसंग्रह आजही अभ्यासक वापरतात. पुढे फादर सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले, १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्पेनमध्ये जन्मलेला हा माणूस खंडाळ्याच्या गवताला नावाने ओळखत होता. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाला मिळालेले एक काम प्राण्यांना नावे देण्याचे आहे. बाग राखण्याची जबाबदारी आणि नावे देण्याचे काम एकाच माणसाकडे आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. जे नावाने ठाऊक नाही ते राखले जात नाही.

नावांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यांत एक अडचण आहे, आणि तीच संधीही आहे. ऐन, मोह, टेंभुर, चार, बिबा ही झाडे ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहेत ती माणसे महाविद्यालयात शिकवायला नसतात. आणि जे शिकवतात ते झाडाचे लॅटिन नाव सांगतात, त्याचा मोहोर कधी झडतो ते नाही. मारुती चितमपल्ली, ज्यांचे २०२५ च्या जून महिन्यात निधन झाले, वनाधिकारी म्हणून या भागात राहिले आणि रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करीत राहिले. त्यांच्या कोशांना त्या माणसांचे ऋण आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने तर अभ्यास गट काढून जंगलाचा व कायद्याचा अभ्यास केला आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. पदवी नसलेली माणसे परीक्षा नसताना अभ्यास करीत होती. नव्या अभ्यासक्रमातील क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक पुष्कळ ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेल्या मजकुरावर मिळतात अशी कुजबूज ऐकू येते. खरी असेल तर ती चोरीच म्हणावी लागेल, आणि ज्याची चोरी झाली तो विद्यार्थी स्वतःच.

त्या कुटुंबाशी नंतर आणखी दोनदा बोलणे झाले. शेवटी जे जुळवले ते असे. मुख्य विषय प्राणिशास्त्र. ते मुलीने ठरवले. दुय्यम विषय सूक्ष्मजीवशास्त्र. ते वडिलांचे, आणि त्यांचे चूक नव्हते, कारण रक्ताची व पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत याच विषयाचा माणूस लागतो आणि अशा प्रयोगशाळा पुण्यात आहेत तशा चंद्रपुरातही आहेत. रसायनशास्त्र सुटले, याचे मला थोडे वाईट वाटले. शाखेबाहेरचा खुला विषय म्हणून तिच्या मैत्रिणी जो सोपा म्हणतात तो न घेता समाजशास्त्र घ्यावे असे मी सुचवले. वाघाचा प्रश्न निम्मा माणसांचा आहे. कौशल्याच्या अभ्यासक्रमांत संख्याशास्त्राच्या जवळचे जे मिळेल ते. तिला गणिताची भीती आहे हे तिने स्वतःहून सांगितले, म्हणून तेच. चौथ्या वर्षाचा निर्णय आताच करायचा नाही. तीन वर्षांनी वडिलांची निवृत्ती दाराशी आलेली असेल, तेव्हा घराची परिस्थिती पाहून ठरवायचे, आणि तिने थांबायचे ठरवले तर कोणी तिला हिणवायचे नाही.

राहिला क्षेत्रीय प्रकल्प. तिच्या मनात वसाहतीच्या कुंपणालगतच्या झुडपांत कोणते प्राणी वावरतात याची वर्षभर नोंद ठेवायची आहे: पायांचे ठसे, विष्ठा, वेळ, जागा. वडील एकटीला पाठवायला तयार नाहीत, आणि २०२२ ची आठवण असलेला कोणताही बाप होणार नाही. वनखात्याची परवानगी लागेल, सोबत जाणकार माणूस लागेल, नोंदी उजेडातच कराव्या लागतील. मिस्सा संपल्यावर मी ही गोष्ट चर्चच्या व्हरांड्यात काढली, तेव्हा खाणीतून निवृत्त झालेले दोन गृहस्थ सकाळी तिच्याबरोबर जायला पुढे आले. त्यांच्यापैकी एकाचे बालपण मोहर्लीच्या बाजूच्या खेड्यात गेले आहे. ठसा पाहून तो जनावर ओळखतो. पुढच्या आठवड्यात प्राध्यापकांना भेटून, अशा माणसाचे नाव प्रकल्पाच्या अहवालात मार्गदर्शक म्हणून घालता येते काय, हे विचारायचे आहे.